वर्षास एक इंच

श्री. ज्याने दिले त्यास नमस्कार, आणि ज्याने परत नेले त्यासही नमस्कार, कारण दोघे एकच आहेत असे जाणते सांगतात. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, त्या सालची ही हकीकत. घडले तैसे लिहितो. वाढवून लिहिणे लिहिणारास येत नाही.

एक राज्य होते, त्याचे नाव कोणत्या नकाशावर नाही. पूर्वेस पिठाची गिरणी, पश्चिमेस सायकल दुरुस्तीचे दुकान, दक्षिणेस रस्ता आणि उत्तरेस मोरी, इतकाच मुलूख. पुढल्या खोलीत शिलाईचे यंत्र होते, तेच सिंहासन, आणि मागल्या दोन खोल्या हा राजवाडा. राज्याचे धनी यशवंतराजे, धंद्याने शिंपी, विद्या आठवी इयत्तेपर्यंत, आणि अठ्ठावीस वर्षे लोकांची अंगे मापण्यात गेलेली. त्यांच्या राणी रत्नप्रभाबाई, यांस आदल्या साली माघ मासी ताप आला आणि आठ दिवस राहिला, मग नवव्या दिवशी सकाळी दूध तापवावयाच्या वेळी राणीसाहेबांनी देह ठेविला. वय छत्तीस. मागे राजे राहिले आणि एक कन्या कालिंदी, वय बारा.

या राजकन्येची बुद्धी डोळ्यांत होती. कानाने ऐकलेले तिच्यापाशी थांबत नसे आणि छापील ओळ वाचावयास घेतली की अक्षरे मुंग्यांसारखी पांगत, परंतु एकदा पाहिलेले ती कधी विसरत नसे. कोणा गिऱ्हाइकाच्या सदऱ्यास चार बटणे पांढरी आणि पाचवे पिवळट, हे ती महिन्याने सांगे. शाळेच्या मुख्य खरातबाई, स्वभावाने कडक परंतु न्यायाच्या, त्यांनी हे ओळखून अशी मोकळीक दिली होती की मुलीने अभ्यास घरी करावा आणि वर्षाअखेर परीक्षा तोंडी द्यावी. म्हणून राणीसाहेब घरी शिकवीत. भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकविले, आणि परातीत पीठ पसरून त्यावर पाणी सोडून नद्या शिकविल्या, मग सातवीचा इतिहास तेवढा राहिला. "तो उन्हाळ्यात मांडते," असे त्या बोलल्या होत्या. कसा मांडणार होत्या, ते कोणास सांगितले नाही, आणि उन्हाळा येण्याआधी त्या गेल्या.

मग आषाढ मासी राणींच्या वडील भगिनी हेमलताबाई मोठ्या शहरातून मुक्कामास आल्या. त्यांचे राज्य मोठे, पाचव्या मजल्यावर, लिफ्टने जावे लागे. दोन दिवस त्यांनी घर पाहिले आणि मुलीचे केस विंचरले, आणि तिसऱ्या दिवशी यंत्रासमोरच्या स्टुलावर बसून बोलणे काढिले. "यशवंतराव, रागावू नका. तुम्ही मुलीचं जेवण बघाल, गिऱ्हाईक बघाल, का अभ्यास बघाल?" राजे बोलिले, "तिन्ही बघेन, ताई." "बाकीचे विषय रत्नानं बरेच करून ठेवलेत, ते निभतील. इतिहासाचं काय? तुम्हाला स्वतःला येतो का?" "मला शर्टाचा येतो," असे राजे बोलिले आणि लागलीच गप्प झाले, कारण असल्या थट्टेस हसणारे माणूस आता घरात नव्हते. हेमलताबाईंनी स्टूल थोडे पुढे ओढिले. मग म्हणाल्या, "आमच्याकडे अशा मुलांसाठी वेगळी शाळा आहे. शिकवणाऱ्या बाया तयार आहेत. तिच्यासाठी खिडकीजवळची खाट ठेवलीय मी. उगाच हट्टानं पोरीचं वर्ष घालवू नका." यांत वाईट हेतू काही नव्हता, बहिणीच्या लेकराचा कळवळा होता, आणि तो राजांस दिसत होता, म्हणूनच त्यांस नाही म्हणता आले नाही. शेवटी तह ठरला तो असा की, चैत्र मासी परीक्षा होईल, त्यात कालिंदी इतिहासात उत्तीर्ण झाली तर ती बापापाशी राहील, न झाली तर मावशीने तिला घेऊन जावे आणि राजांनी आडवे येऊ नये. तह बोलण्यानेच झाला, कागद केला नाही. राजकन्या तेथेच जमिनीवर बसून चिंध्या रंगवार लावीत होती. तिला कोणी विचारले नाही.

मग राजांनी मोहीम धरिली. रोज दुपारी यंत्र थांबवून पुस्तक उघडीत आणि मोठ्याने वाचीत. वाचताना आवाज असा काढीत की रस्त्यावरचे लोक आत डोकावीत. महिनाभर वाचून मग एके दिवशी परीक्षा घेतली. "सांग, पानिपत कधी झालं?" राजकन्या तत्काळ बोलली, "पुस्तकाच्या मधोमध, डाव्या पानावर, खाली. वर चहाचा डाग आहे. तुम्हीच पाडलाय." "अगं, मी साल विचारतोय." "साल कुठे असतं बाबा? दाखवा ना. घोडा दिसतो, भाला दिसतो. साल काही दिसत नाही." साल कोठे असते हे राजांनीही कधी पाहिले नव्हते. त्या वर्षी श्रावण अधिक आला, म्हणजे ते वर्ष एका महिन्याने लांबले, आणि लांबलेल्या महिन्यात राजांनी दुसरी मोहीम केली. सगळ्या राजांची आणि पेशव्यांची चित्रे मिळवून भिंतीवर चिकटविली. राजकन्येने एका दिवसात सर्वांस ओळखले. पगडीवरून, मिशीवरून, अंगरख्याच्या बंदावरून. राजे हर्षले आणि विचारिले, "आता यातला आधी कोण, नंतर कोण?" ती भिंतीकडे पाहून म्हणाली, "सगळे एकदमच आहेत की." हेही खरेच होते. दुसरी मोहीम अशी बुडाली, आणि राजे ओट्यावर जाऊन बसले आणि मनात म्हणाले की, ती असती तर तिला ठाऊक असते.

ऐसियास भाद्रपद मासी गिरणीवाले गोविंदनाना सदरा शिवण्यास आले. नाना अंगाने पिठाळ आणि तोंडाने मोकळे. राजे त्यांचे माप घेत होते आणि राजकन्या टेपेकडे पाहत उभी होती. तिने विचारिले, "नाना केवढे आहेत?" राजे म्हणाले, "छातीला चाळीस." "आणि वयाला?" नाना मोठ्याने हसले. "वयाला एकसष्ट झालो, पोरी. बापाची टेप साठाची आहे, पुरायची नाही माझ्या वयाला." राजकन्येने टेपेचे टोक नानांच्या खांद्यावर धरिले आणि खाली सोडून शेवटास बोट लाविले, आणि त्याच्या पुढे आणखी एक पेर मोजून म्हणाली, "इथे संपतात नाना." "अगं, अजून संपलो नाही!" असे नाना ओरडले. राजे मात्र टेप हाती घेऊन तसेच उभे राहिले. मग बारा इंचांवर बोट ठेवून म्हणाले, "ही तू." राजकन्येने आपले बारा इंच पाहिले, आणि नानांचे एकसष्ट पाहिले, आणि म्हणाली, "मग हे दिसतं की."

त्या दिवसापासून राज्यात एकच काम चालले. वर्षास एक इंच, असे प्रमाण ठरले. शिवाजी महाराजांच्या जन्मापासून पेशवाई बुडेपर्यंत एकशे अठ्ठ्याऐंशी वर्षे, म्हणजे पाच वारांवर आठ इंच पट्टा. प्रत्येक कारभारास निराळा रंग, आणि रंग राजकन्येने निवडावा, असा नियम झाला. बाळाजी विश्वनाथांस शाळेच्या गणवेशाचा निळा, थोरल्या बाजीरावांस कोणाच्या लग्नातल्या ब्लाउजचा लाल, नानासाहेबांस मोरपंखी, माधवरावांस पिवळा. पानिपतासाठी मोडक्या छत्रीचे काळे कापड काढिले आणि त्याची बारीक फीत मोरपंखी तुकड्याच्या अखेरीस टाचिली. कापते वेळी राजांनी विचार केला की, सदऱ्यास शिलाईसाठी दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच जादा सोडतात, येथे काय करावे? मग मनाशी ठरविले की, वीस वर्षांस एकवीस इंच कापले तर इतिहासात एक वर्ष खोटे घातल्यासारखे होईल. म्हणून वीसास वीसच कापिले, सातास सातच. आणि शिवून झाल्यावर पुन्हा मोजून पाहावे हा धंद्याचा रिवाज, तोही त्या दिवशी राहिला, कारण राजकन्या पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुडघ्यांवर रांगत चालली होती आणि प्रत्येक रंगावर थांबून त्या त्या माणसाचे नाव घेत होती, आणि राजे तेच पाहत राहिले. माघ मासापासून त्यांनी तिला इतके बोलताना ऐकिले नव्हते.

गोविंदनानांचा सदरा मागे पडला. ते दर आठवड्यास येत आणि दारातून विचारीत, "मास्तर, माझा सदरा पेशव्यांच्या आधी का नंतर?" राजे म्हणत, "नंतर, नाना." "म्हणजे इंग्रज आल्यावर! जाऊ द्या, तेच अंगात घालायला देतील काही." तरी नाना रागावले नाहीत, उलट एके दिवशी पट्ट्यावर बसून माधवराव इतक्या लवकर का गेले ते विचारू लागले, आणि राजकन्येने त्यांस हात धरून उठविले. "नाना, तुम्ही बाजीरावांवर बसलात. पीठ लागेल."

मार्गशीर्षात एके दुपारी राजकन्येने विचारिले, "आईचा तुकडा केवढा होईल?" राजांनी कपाट उघडिले आणि राणींचे एक न शिवलेले कापड काढिले, बदामी रंगाचे, आणि मोजिले. छत्तीस वर्षे, छत्तीस इंच. म्हणजे पुरा एक वार. ज्या मापाने राजांनी जन्मभर लोकांस कापड मोजून दिले, तितके. मग कात्री चालविली, परंतु कापड सरळ कापले गेले नाही. राजकन्येने तो तुकडा हाती घेतला आणि पट्ट्याच्या अखेरीपासून भिंतीकडे, भिंतीपासून दाराकडे पाहिले. "हा इथे लागत नाही. मध्ये खूप कापड लागेल." "हो. पेशवाई बुडाल्यापासून तिच्या जन्मापर्यंत, सुमारे एकशे सत्तर इंच." "मग हा अजून लांब आहे," असे म्हणून तिने त्याची घडी केली आणि उशीखाली ठेविली.

मग फाल्गुन गेला आणि शके एकोणीसशे शेहेचाळीस लागले. चैत्र मासी परीक्षेचा दिवस आला. हेमलताबाई आदल्या दिवशीच आल्या, त्यांनी मुलीसाठी नवी पिशवी आणिली होती आणि ती रिकामी होती. सकाळी तिघे शाळेत गेले. पट्टा राजांच्या काखेत गुंडाळलेला होता. खरातबाई म्हणाल्या, "ते कापड बाहेर ठेवा, यशवंतराव. मला मुलगी तपासायची आहे." म्हणून राजे आणि हेमलताबाई व्हरांड्यात बाकावर बसले, आणि दार उघडे असल्याने आतले सर्व ऐकू येत होते. बाईंनी क्रम विचारिला. राजकन्येने डोळे मिटले आणि एक नाव न चुकता सांगितला. पानिपतात हार का झाली, ते विचारिले. ती म्हणाली, "खायला उरलं नव्हतं. आणि न लढणारी माणसं फार बरोबर होती. आणि घर लांब होतं." बाई म्हणाल्या, "बरं." हेमलताबाईंनी राजांकडे पाहिले, आणि ते पाहणे वाईट नव्हते. मग बाईंनी काळ विचारावयास घेतले. "बाळाजी विश्वनाथ किती वर्षं पेशवे होते?" "सहा." "थोरले बाजीराव?" "एकोणीस." "नानासाहेब?" "वीस." "माधवराव?" "दहा." प्रत्येक वेळी आत पेन्सिलीची एक रेघ ऐकू आली. राजांस आकडे पाठ नव्हते, तरी सात, वीस, एकवीस आणि अकरा इंच आपण कापले हे त्यांच्या बोटांस ठाऊक होते, आणि त्यांचा चेहरा उतरला. हेमलताबाई हळूच म्हणाल्या, "चुकतेय ना ती?" राजे म्हणाले, "हो."

आत खरातबाईंनी आपल्या पेन्सिलीच्या रेघा पुन्हा पाहिल्या. मग दारात आल्या आणि म्हणाल्या, "ही काय भानगड आहे? ज्याला येत नाही तो वेडावाकडा चुकतो. ही दर वेळी एकानंच चुकतेय. हिला कुणी शिकवलं असं?" राजांचा हात पट्ट्यावर गेला आणि एका शिवणीवर थांबला, आणि त्यांस सर्व कळले. ते उठून उभे राहिले. "बाई, चूक माझी आहे. मी..." "थांबा. तुमची परीक्षा नाही," असे म्हणून बाईंनी पट्टा त्यांच्या हातून घेतला आणि आत नेला आणि बाकांवर पसरला, आणि राजकन्येस म्हणाल्या, "तुझं प्रत्येक उत्तर एकानं कमी आलं. का, ते तू शोध. बाबा बोलणार नाहीत." राजे दारात उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात मागे धरिले, जैसे शाळेतले मूल धरते.

राजकन्येने लाल तुकडा पाहिला. टेप मागितली, मोजिला, एकोणीस भरला. ती म्हणाली, "एकोणीसच आहेत." "आहेत वीस," बाई म्हणाल्या. तिने पुन्हा पाहिले. मग वाकून नाक लावून पाहिले. मग पट्टा उलटा केला. उलट्या बाजूस प्रत्येक जोडावर दोन कडा दुमडून उभ्या होत्या, एक लाल आणि एक मोरपंखी. तिने त्या चिमटीत धरून मोजल्या, अर्धा इंच इकडची, अर्धा तिकडची, आणि दुसऱ्या टोकास तसेच. ती म्हणाली, "बाई, हरवलं नाही. आत आहे." मग दाराकडे वळून बोलली, "बाबा, तुम्ही शिलाईला सोडलंच नाहीत?" राजे म्हणाले, "नाही." "सदऱ्याला सोडता." "सदऱ्याला सोडतो." "मग?" राजे म्हणाले, "वाटलं, खोटं होईल." खरातबाईंनी तोंडावर रुमाल धरिला, त्या हसल्या की काय, हे लिहिणारास दिसले नाही.

हेमलताबाई आत आल्या. त्या सरळ मनाच्या होत्या आणि तह त्यांच्याही ध्यानात होता. म्हणाल्या, "पण बाई, उत्तर चुकलं ते चुकलंच ना?" "चुकलंच," बाई बोलल्या. "ते गुण मी देणार नाही. कालिंदी, हे गुंडाळून ठेव. भिंतीकडे तोंड कर. आता उरलेले विचारते, आणि यात जे म्हणशील ते शेवटचं." मग बाईंनी जे आधी विचारिले नव्हते ते विचारिले. महाराजांच्या राज्याभिषेकापासून त्यांच्या देहान्तापर्यंत किती वर्षे? "सहा. त्याला मध्ये शिवण नाही, ते एकाच तुकड्यात आहे." माधवरावांच्या जाण्यापासून पेशवाई बुडेपर्यंत किती? तिची बोटे हवेत हलत होती, एक जोड, दोन जोड, असे तुकडे ती चाचपीत होती, आणि प्रत्येक जोडाशी थांबून आतले काढून बाहेर घेत होती. मग ती म्हणाली, "शेहेचाळीस." बाईंनी पेन्सिल खाली ठेविली. "बरोबर. शंभरात बेचाळीस. पस्तीसला उत्तीर्ण."

हेमलताबाईंनी पट्टा थोडा उलगडून त्याची उलटी बाजू पाहिली आणि भाचीस विचारिले, "पण मी म्हणते, वर्ष आत जातंच कशाला?" राजकन्या म्हणाली, "मावशी, एक संपतं आणि दुसरं लागतं ना, तिथे दोघांचंही थोडं आत जातं. नाहीतर शिवण बसतच नाही. उसवतं." हेमलताबाईंनी मान हलविली आणि मग पदराने डोळे पुसले, आणि बराच वेळ पुसत राहिल्या. राजे खिडकीतून शाळेचे मैदान पाहत होते, त्यात पाहण्यासारखे काही नव्हते.

घरी आल्यावर हेमलताबाई म्हणाल्या, "ठरलं ते ठरलं, यशवंतराव. पोरगी तुमची." राजांनी हात जोडिले. परंतु जिंकल्याचे सुख त्यांस झाले नाही, कारण शाळेतून येताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली होती की, वर्षभर ज्या गोष्टीवरून तह झाला आणि मोहिमा झाल्या, ती गोष्ट ज्याची त्यास कोणी विचारिलीच नाही. मग त्यांनी राजकन्येस समोर बसविले आणि मावशीच्या देखत विचारिले, "कालिंदी, तुला जायचं होतं का मावशीकडे? खरं सांग. मला काय वाटेल ते बघू नको." ती मावशीकडे पाहून मग बापाकडे पाहून म्हणाली, "मला ती खिडकी बघायची होती. पाचव्या मजल्यावरून खालचं कसं दिसतं ते. पण राहायचं नव्हतं." "मग बोलली का नाहीस, बाळा?" हेमलताबाईंनी विचारिले. ती म्हणाली, "तुम्ही दोघं बोलत होता."

तेव्हा नवी पिशवी भरण्यात आली, आठ दिवसांच्या कपड्यांनी, आणि वैशाखात राजकन्या मावशीसंगे कूच करून गेल्या. त्या आठ दिवसांत राजांनी गोविंदनानांचा सदरा पुरा केला, आणि दुपारी यंत्र थांबविण्याची वेळ झाली की यंत्र आपसूक थांबे आणि ते रिकामे बसत. नवव्या दिवशी कन्या परत आल्या. येताच त्यांनी चुलीपाशी बसून खालची माणसे केवढी दिसतात ते पोळपाटावर तांदळाचे दाणे मांडून दाखविले, आणि राजांनी ते शेवटच्या दाण्यापर्यंत पाहिले.

एकूण हकीकत इतकी. या वर्षात राज्याने नवा मुलूख घेतला नाही. जे गेले होते ते परत आले नाही आणि येणारही नव्हते. इतिहासात गुण बेचाळीस पडले. राज्यात आता दोन माणसे आहेत, आणि दोघांपैकी एकाने काही ठरविण्याआधी दुसऱ्यास विचारावे, असा कायदा झाला आहे. इति.